जुन्या रुळांचे ऋण

एखाद्या वस्तूचा उपयोग संपला म्हणजे तिच्याविषयीचे आपले कर्तव्यही संपते काय? हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. प्रत्येक घरात तो दिवाळीच्या साफसफाईत उपस्थित होतो आणि बहुधा भंगारवाल्याच्या तराजूत त्याचा निकाल लागतो. घरातली मोडकी समई, आजोबांचा चष्मा, बंद पडलेले घड्याळ ह्यांच्या बाबतीत निदान एखादी आजी 'असू दे रे, राहू दे' म्हणावयास असते. परंतु ज्या वस्तू कोणा एका घराच्या नसून सर्वांच्या असतात, त्यांना अशी आजी नसते. आगगाडीच्या जुन्या सामानसुमानाची स्थिती नेमकी अशी आहे.

गेल्या काही वर्षांत जुन्या स्टेशनांत, कारखान्यांत व गुदामांत विसरून गेलेल्या अशा वस्तू पुनः सापडल्याच्या वार्ता वारंवार कानी येतात. कोठे रंगाच्या थराखाली दडलेले साल उघडे पडते, कोठे अडगळीच्या खोलीत पितळी बत्ती निघते, कोठे रुळालगतच्या गवतात जुन्या कंपनीच्या हद्दीचा दगड हाती लागतो. हौशी लोक छायाचित्रे घेतात, चार दिवस कौतुक होते आणि पुढे सर्व शांत होते. हे कौतुक वाईट नव्हे. तथापि त्याच्या मुळाशी जो नीतीचा प्रश्न आहे, तो कौतुकाच्या भरात विचारावयाचा राहून जातो, असे आम्हांस वाटते.

खानदेशातल्या वाचकांस तरी हा प्रश्न परका वाटू नये. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, त्यास एक तप होते न होते तोच लोहमार्ग तापीच्या खोऱ्यात येऊन पोहोचला होता. १८६७ मध्ये भुसावळेहून फुटलेला फाटा नागपुरास भिडला. १८७० मध्ये जबलपूरच्या वाटेने मुंबईची गाठ कलकत्त्याशी पडली. एका खेड्याचे जे मोठे जंक्शन झाले, ते ह्या दोन वाटांच्या सांध्यावर. पुढे ताप्ती व्हॅली रेल्वेने अमळनेरच्या बाजूने सुरतेची वाट उघडली, आणि चाळीसगावाहून धुळ्यास फाटा गेला. जळगावचा कापसाचा व्यापार, भुसावळची वस्ती, गावोगावच्या बाजारांचे वार ह्या सर्वांवर लोहमार्गाचा ठसा आहे. जळगावाहून कोस-दीड कोसावर असलेल्या असोदा गावाचे नावही अनेक जळगावकरांच्या तोंडी रेल्वे फाटकाच्या निमित्ताने येते. अशा प्रदेशात जुना रूळ हा केवळ लोखंडाचा तुकडा असू शकत नाही.

प्रथम ह्या वस्तू कोणत्या, ते पाहू. जुन्या फलाटांच्या छपरांना जे लोखंडी खांब असतात, त्यांतले पुष्कळसे मुळात रूळच होत. गाड्यांखाली झिजून निकामी झालेला रूळ टाकून न देता उभा करून खांबासारखा वापरावा, अशी रीत होती. रूळ तयार होतानाच त्याच्या मधल्या पट्टीवर कारखान्याचे नाव व साल उठावाच्या अक्षरांत उमटविलेले असे. रंगाचे थर खरवडले म्हणजे विलायतेतल्या एखाद्या कारखान्याचे नाव आणि एकोणिसाव्या शतकातले साल वाचता येते. लहान स्टेशनांवर रुळाचाच हातभर तुकडा दोरीने टांगून त्यावर लोखंडी दांड्याने टोले देत. गाडीची वर्दी गावाला त्या टोल्यांवरून कळे. जेथे एकेरी मार्ग असे तेथे 'टोकन' असे. दोन स्टेशनांतली यंत्रे विजेच्या तारेने अशी जोडलेली असत की, एका वेळी त्यांतून एकच टोकन बाहेर निघावे. ते वेताच्या कड्यात अडकवून चालकाच्या हाती दिले जाई, आणि ते हाती असल्यावाचून गाडी पुढे नेण्याचा अधिकार त्याला नसे. तिकिटे पुठ्ठ्याची असत, लांबीने सव्वादोन इंच. टॉमस एडमंडसन नावाच्या एका इंग्रज स्टेशन-कारकुनाने एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात क्रमांक छापलेल्या तिकिटांची ही युक्ती काढली आणि ती जगभर गेली.

ह्या वस्तू विसरल्या का गेल्या? त्या दृष्टिआड होत्या म्हणून, असे उत्तर सहज सुचते. पण ते अपुरे आहे. फलाटावरचा खांब कधी दृष्टिआड झाला होता? चार पिढ्या त्याला पाठ टेकून गाडीची वाट पाहत बसल्या. विस्मरण नेहमी अडगळीच्या खोलीतच घडते असे नाही. पुष्कळदा ते भर उजेडात, गर्दीत घडते. जे रोज उपयोगी पडते त्याच्याकडे आपण पाहत नाही, आणि उपयोगी पडेनासे झाले की ते दूर करतो. उपयोग आणि उपेक्षा ह्यांच्यामध्ये पाहण्यासाठी क्षण उरतच नाही. जुनी वस्तू 'सापडते' तेव्हा पुष्कळदा वस्तू मुळी हरवलेली नसतेच, आपले लक्षच हरवलेले असते. हीच गोष्ट माणसांच्या बाबतीतही खरी आहे, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

जे जपण्याजोगे असते ते काळाच्या ओघात आपोआप टिकते, असा एक समज आहे. त्याला लोहमार्गाचा इतिहास पाठिंबा देत नाही. १८५३ ची ती पहिली गाडी साहिब, सिंध व सुलतान ह्या तीन एंजिनांनी ओढली. आपल्या देशाच्या इतिहासात ह्या तिघांहून मानाचे एंजिन दुसरे कोणते? पण त्यांतले एकही आज आपल्यापाशी नाही. उलट १८५५ साली लीड्स येथे तयार झालेले 'फेअरी क्वीन' हे एंजिन १९०९ मध्ये कामातून निघाले, काही काळ हावड्यास उभे राहिले, पुढे चंदौसीच्या रेल्वे शाळेत शिकाऊ लोकांसमोर पडून राहिले. आणि १९९७ मध्ये, वयाच्या एकशे बेचाळिसाव्या वर्षी, दुरुस्त होऊन पुनः रुळांवर धावले. ते टिकले ते मोठ्या योग्यतेमुळे नव्हे. कोणी मोडीत काढले नाही एवढ्यामुळे. तेव्हा काय टिकावे हे काळावर सोपविणे म्हणजे ते योगायोगावर सोपविणे होय. काळाला न्यायबुद्धी नाही. ती माणसानेच दाखवावी लागते.

येथे दोन आक्षेप निघतात आणि दोन्ही विचारार्ह आहेत.

पहिला आक्षेप असा की, सर्वच जपू लागलो तर जगावयास जागा उरणार नाही. लोखंड वितळून पुनः लोखंड होते. ह्यात त्याची विटंबना कसली? आणि ज्या स्टेशनावर प्यावयाच्या पाण्याची नीट सोय नाही, तेथे जुनी बत्ती काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी पैसा खर्चणे हा सुखवस्तू लोकांचा चोचला नव्हे काय? शिवाय आपली परंपरा संग्रहाची नसून विसर्जनाची आहे. ज्या गणपतीची दहा दिवस मनोभावे पूजा केली, त्याला आपण पाण्यात सोडतो. मग रुळाच्या तुकड्याची एवढी आसक्ती कशाला?

ह्या आक्षेपातले पहिले अर्ध आम्हांस मान्य आहे. सर्व जपणे शक्य नाही व इष्टही नाही. पण विसर्जनाचा जो दाखला दिला, तोच आमच्या बाजूने बोलतो. विसर्जन पूजेनंतर होते. ज्याला निरोप द्यावयाचा त्याचे नाव घेऊन, त्याला ओवाळून, घरातल्या लहानथोरांच्या देखत तो दिला जातो. निरोप देणाराला आपण काय सोडीत आहोत हे ठाऊक असते. भंगाराच्या लिलावात वस्तू किलोच्या भावाने जाते. तिचे नाव, तिचे काम, तिचे ठिकाण ह्यांची चौकशी कोणी करीत नाही. दोन्हींकडे वस्तू हातची जाते, पण एकीकडे ती निरोप घेऊन जाते आणि दुसरीकडे कोणाच्या नकळत. आमचे म्हणणे एवढेच की, जुन्या वस्तूला विसर्जनाचा हक्क आहे. ती ठेवलीच पाहिजे असे नाही. ओळखल्यावाचून मात्र टाकता कामा नये. ह्यासाठी फारसा पैसा लागत नाही. एक वही, एक छायाचित्र, आणि त्या वस्तूवर ज्याने काम केले त्याच्यापाशी बसून घालविलेली एक दुपार लागते.

दुसरा आक्षेप अधिक कडवट आहे. हा लोहमार्ग घातला कोणी व कोणासाठी? ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीच्या भांडवलावर शेकडा पाच व्याजाची हमी सरकारने दिली होती आणि तिचा भार हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडत होता. गाड्या खानदेश-वऱ्हाडचा कापूस बंदराकडे नेत व मँचेस्टरचे कापड परत आणीत. १८६१ च्या सुमारास भोर घाटाच्या कामावर चाळीस हजारांहून अधिक मजूर होते. पटकीने, तापाने व सुरुंगांच्या अपघातांनी त्यांतले किती तरी मेले. अशा मार्गाच्या अवशेषांस आम्ही मान द्यावा काय? ह्या तर परदास्याच्या खुणा!

ह्या आक्षेपाचे उत्तर देण्यापूर्वी त्याच घाटातली एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. घाटाच्या कामाचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे येऊन थोड्याच काळात वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल ह्यांनी कंत्राट अंगावर घेतले आणि काम पुढे चालविले. १८६३ मध्ये घाट खुला झाला. त्या बाईंचे धैर्य खरोखर मोठे, आणि त्यांचे नाव इतिहासात राहिले हे योग्यच झाले. परंतु त्याच डोंगरात टोपली वाहताना ज्या बायका मेल्या, त्यांच्यापैकी किती जणींची नावे आपण सांगू शकतो? आक्षेप घेणाराने ह्या विषमतेवर बोट ठेवले तर ते योग्यच आहे. पण तिच्यावर उपाय म्हणून अवशेष फेकून दिले, तर त्या बायकांचा उरलासुरला पुरावाही जातो. दास्याच्या खुणा पुसल्याने दास्य झालेच नव्हते असे होत नाही. फक्त ते सोसले कोणी, हे सांगणारा साक्षीदार नाहीसा होतो.

जुन्या रेल्वेच्या वस्तूवर दोन प्रकारचे लेख असतात. एक अक्षरांत कोरलेला: कारखान्याचे नाव, कंपनीची आद्याक्षरे, साल. दुसरा अक्षरांवाचूनचा: बत्तीच्या कडीला पडलेली झीज, सिग्नलच्या दांड्याची जेथे मूठ पडे तेथे आलेली चकाकी, टोले पडून पडून चपटा झालेला रुळाचा काठ. पहिला लेख मालकाचा. दुसरा सांधेवाल्याचा, बत्तीवाल्याचा, गँगमनचा. संग्राहक लोक बहुधा पहिला वाचतात आणि आनंदित होतात. कित्येकदा तर वस्तू पॉलिश करून दुसरा लेख पार पुसून टाकतात. पितळ झगमगू लागते, आणि ज्याने पन्नास वर्षे पावसात ती बत्ती खांबावर चढविली त्याचा हात तिच्यावरून कायमचा उतरतो. ह्याला जपणूक म्हणावे की दुसरे विस्मरण, ह्याचा विचार व्हावा. श्रीमंताच्या दिवाणखान्यात गेलेली बत्ती सुरक्षित असते ह्यात शंका नाही. पण ती आपले स्टेशन हरवून बसलेली असते.

अक्षरांवाचूनचा लेख वाचता येतो काय, असे कोणी विचारील. खानदेशाने त्याचे उत्तर एकदा दिले आहे. असोद्यास १८८० साली जन्मलेली एक मुलगी शाळेत कधी गेली नाही. तिच्या जन्मापूर्वीच त्या बाजूने गाड्या धावू लागल्या होत्या. तिचे लग्न जळगावच्या चौधरी घराण्यात झाले आणि जाते, चूल, विहीर, शेत ह्यांत तिचे आयुष्य गेले. ती काम करता करता ओव्या रचून म्हणत असे. तिचे चिरंजीव सोपानदेव व आप्त पितांबर चौधरी ह्यांनी त्या वेळोवेळी ऐकून उतरून ठेवल्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी ती वारली. नंतर ते लेखन आचार्य अत्र्यांच्या दृष्टीस पडले आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले. बहिणाबाईंचे नाव आज उत्तर महाराष्ट्राच्या विद्यापीठाला आहे. त्या ओव्या कागदावर आल्या नसत्या तर? जाते राहिले असते, कदाचित एखाद्या संग्रहालयातही गेले असते. पण त्यावर बसून कोणी काय म्हटले हे जाते सांगू शकले नसते. वस्तू आणि तिच्यामागचे माणूस ह्यांतला संबंध किती नाजूक असतो आणि तो जिवंतपणीच टिपावा लागतो, ह्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस माहीत नाही.

दुसरे उदाहरण धुळ्याचे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा करीत होते, तेव्हा त्या कागदांना रद्दीहून अधिक किंमत देणारे लोक थोडे होते. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्यांचा पहिला खंड निघाला. पुढे खंडांची संख्या बावीसवर गेली. १९२६ च्या अखेरीस ते धुळ्यास वारले आणि त्यांचा संग्रह तेथील संशोधन मंडळात राहिला. सरदारांच्या व कारभाऱ्यांच्या कागदांना राजवाडे भेटले. भुसावळच्या शेडमधल्या हजेरीपटाला, गँगमनच्या बिल्ल्याला, लहान स्टेशनच्या रोजनाम्याला अजून कोणी भेटावयाचे आहे. लढाया व तह ह्यांइतकेच देशाचे पोषण पहाटे तीनच्या गाडीला हिरवा कंदील दाखविणाऱ्या माणसाने केले असेल, तर त्याचे कागद कमी मोलाचे का?

हा प्रश्न आज का निकडीचा आहे, ते पाचोरा-जामनेर मार्गाकडे पाहिले म्हणजे कळते. पहिले महायुद्ध संपत आले त्या सुमारास, १९१८-१९ मध्ये, हा अडीच फूट रुंदीचा मार्ग सुरू झाला. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर, भागदरा अशा गावांना जोडीत सुमारे पस्तीस मैलांची ही वाट शंभर वर्षे चालली. पी. जे. म्हणून तिचा लौकिक. शाळेची मुले, बाजारची माणसे, माहेरवाशिणी ह्यांची ती गाडी होती. २०२० मध्ये साथीच्या काळात ती थांबली ती पुनः सुरू झाली नाही. तेथे रुंद मार्ग घालण्याचे ठरले आहे. रुंद मार्ग व्हावा ह्याबद्दल दुमत नाही. लोकांना वेगाची व सोयीची गाडी हवी, आणि जुन्याच्या प्रेमापायी त्यांना ती नाकारणे हा अन्याय होईल. प्रश्न इतकाच की, जुने रूळ उचलले जाताना त्यांचे विसर्जन होणार की त्यांचे भंगार होणार?

त्या मार्गावर काम केलेली माणसे आजही पाचोऱ्यास, शेंदुर्णीस, जामनेरास आहेत. फाटक कसे लावीत, रात्री बत्ती कशी पेटवीत, पावसाळ्यात रुळाखालची माती खचली म्हणजे काय करीत, हे त्यांना सांगता येईल. आणखी वीस वर्षांनी हे सांगणारे कोणी नसेल. एखादा डबा नागपुरास मोतीबागेत २००२ पासून असलेल्या लहान मार्गांच्या संग्रहालयासारख्या जागी नेऊन ठेवता येईल. पण त्या डब्याची दारे शंभर वर्षे ज्यांनी लावली-उघडली, त्यांचे शब्द उचलून नेण्यास कोणतीही क्रेन उपयोगी पडणार नाही.

चालत्या स्टेशनाचे जुनेपण राखता येते, हेही सिद्ध झालेले आहे. भायखळ्याचे स्टेशन काही राजवाडा नव्हे. रोजच्या कामकऱ्यांचे ते स्टेशन. गाड्या चालू असतानाच त्याचा जीर्णोद्धार झाला आणि २०२२ मध्ये युनेस्कोने त्याला पारितोषिक दिले. मुंबईस जे झाले ते लहान प्रमाणात शेंदुर्णीस का होऊ नये? नव्या स्टेशनाच्या एका भिंतीवर जुन्या स्टेशनाची एखादीच वस्तू असावी. ती न घासता, तिच्या झिजेसह ठेवावी. आणि तिच्याखाली तिचे साल लिहावे तसेच ती वापरणाऱ्यांचे काम काय होते तेही चार ओळींत लिहावे. वस्तू एक असली तरी चालेल, पण ती मुकी नसावी.

ह्यात सरकारचे कर्तव्य आहेच. पण आमच्यासारख्या शिकलेल्या कुटुंबांचे कर्तव्य त्याहून जवळचे आहे. जळगाव-भुसावळकडे ज्यांच्या मागच्या तीन पिढ्यांत कोणी रेल्वेत नव्हते, अशी घरे किती निघतील? कोणाच्या ट्रंकेत शिटी असते, कोणाकडे बिल्ला, कोणाकडे नोकरीचा पिवळा पडलेला कागद. मुलांना ती वस्तू खेळावयास देण्यापूर्वी किंवा रद्दीत टाकण्यापूर्वी तिची कहाणी एकदा विचारून लिहून ठेवावी. वडील माणसे प्रथम 'त्यात काय सांगायचे?' असे म्हणतील. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडल्या, त्यांना आपलेही काही सांगण्याजोगे आहे हे खरे वाटत नाही. ते त्यांना पटवून देणे हेच ऋण फेडण्याचे पहिले पाऊल आहे.

टोकनाची जी रीत वर सांगितली, तीत एक मोठा विश्वास होता. पुढच्या स्टेशनावरचा न दिसणारा माणूस जागा आहे व त्याने वाट मोकळी ठेविली आहे, ह्या खात्रीवर शेकडो उतारू निर्धास्त झोपत. असोद्याच्या शिवारात नांगर धरणाराने त्या गाड्या पाहिल्या, आणि आतल्या उताऱ्यांनी नांगर धरणारास पाहिले. दोघेही तिसऱ्या कोणाच्या तरी जागरणावर विसंबून होते. त्या जागरणाचे वेतन दिले गेले असेल. आभार मात्र मानावयाचे राहिले आहेत, आणि ते मानण्याजोगी माणसे अजून आहेत तोवर ते मानले जावेत.